शेळीचं रक्त घेतलं, बाईचं राहून गेलं: संसर्गजन्य रोगांच्या संशोधनाची आखणी करणाऱ्यांना खुलं पत्र

संसर्गजन्य रोगांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या, संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या आणि रोगांच्या नोंदींची पत्रकं ठरवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्य आहे. कळपांत पसरणाऱ्या आजारांवर काम करते. माणसं, जनावरं आणि भोवतालचा परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास व्हायला हवा, हे तुम्हाला नव्याने पटवून देण्याची गरज नाही. 'वन हेल्थ' हा शब्द तुमच्या धोरणांत आहे, निवेदनांत आहे. आम्ही गोठ्यात उभं राहून जे पत्रक भरतो, त्यात मात्र तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे पत्र.

एका कळपात पाठोपाठ शेळ्या गाभडत होत्या, म्हणून आम्ही रक्ताचे नमुने घ्यायला गेलो होतो. शेळीचं रक्त मानेच्या शिरेतून काढतात. एकाने शेळी गुडघ्यांत धरून तिचं तोंड वर आणि जरा बाजूला वळवायचं, दुसऱ्याने मानेच्या खोबणीत अंगठा दाबायचा, शीर दोरीसारखी वर आली की सुई घालायची. धरणारा हलला की शीर निसटते. त्या दिवशी शेळ्या धरत होती ती त्या घरचीच बाई. पाचव्या-सहाव्या शेळीला तिची पकड सुटली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "हातात जोर राहत नाही हल्ली. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घाम फुटून उतरतो. चार दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच." किती दिवस झाले? "दोन महिने तरी."

गाभडलेल्या शेळ्यांची अडकलेली वार तिनेच काढली होती. उघड्या हातांनी.

आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे ऐकून जे वाटेल तेच मला वाटलं: ब्रुसेलोसिस. जनावरांत सांसर्गिक गर्भपात, माणसांत चढउताराचा ताप, सांधेदुखी, पाठदुखी. जंतू एकच. माझ्याकडे कोऱ्या नळ्या होत्या, बर्फाची पेटी होती. माणसाचं रक्त घ्यायची मान्यता मात्र आमच्या प्रकल्पाला नव्हती. ती अट योग्यच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पत्रकाबद्दल आहे. त्यावर शेळीची जात होती, वय होतं, कितवं वेत, कधी गाभडली, कोणती लस टोचली, सगळं होतं. त्या कळपात राबणाऱ्या माणसांपैकी कुणाला ताप येतो का, एवढं विचारणारा रकाना नव्हता. मी ते समासात लिहिलं. समासातला मजकूर संगणकात चढत नाही. नोंद करणाऱ्याच्या पडद्यावर जेवढे रकाने, तेवढंच तो भरतो.

मी तिला चिठ्ठी दिली, डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ती गेलीही. तिथल्या पत्रकावर वय, वजन, तापाचे दिवस, आधीची औषधं हे सगळं होतं. जनावरांशी संबंध येतो का, हा प्रश्न नव्हता. चिठ्ठी कुठे राहिली कोण जाणे. विषमज्वराचे उपचार झाले. तीन आठवड्यांनी शेळ्यांचा अहवाल आला, ब्रुसेलोसिसच. तो पशुसंवर्धनाच्या वाटेने गेला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या फेरीचे नमुने घ्यायला काही महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा ती बाई भिंतीला धरून उठत होती. आजार मणक्यात उतरला होता. आणि त्या गाभडलेल्या पिल्लांचं, वारेचं काय केलं, असं विचारलं तेव्हा तिने ओढ्याच्या काठची एक ओली, सावलीची जागा दाखवली. हा जंतू अशा जागी आठवडेच्या आठवडे तग धरतो. त्या मातीचा आणि त्या पाण्याचा नमुना कोणत्याच प्रकल्पात नव्हता.

एकाच अंगणात तीन तपास व्हायला हवे होते. एक पुरता झाला, एक चुकला, एक सुरूच झाला नाही. यात कुणी कामचुकार नव्हतं. प्रत्येकाने आपल्यासमोरचं पत्रक इमानदारीने भरलं होतं.

माझी मागणी या अंगणातूनच आली आहे, आणि ती एकच आहे. जिथे माणसांचे, जनावरांचे आणि परिसराचे आजार एकमेकांत गुंतलेले असण्याची शक्यता आहे, तिथल्या संशोधनाला पैसे देताना तिन्हींचे नमुने एकाच जागी, एकाच काळात आणि एकाच नोंदीत घेतले जातील, ही अट सुरुवातीलाच घाला. निष्कर्ष आल्यावर सगळे एकत्र बसतील, हे आश्वासन पुरेसं मानू नका.

ब्रुसेलोसिसचंच बघा. मॉल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना हा ताप येई, महिनोन्‌महिने खाटेला खिळवून ठेवी. लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू वेगळा काढला, तो १८८७ साली जगापुढे आला. तो माणसात कुठून येतो, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झमिट या मॉल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि त्यात या जंतूच्या खुणा सापडल्या. शेळ्या धडधाकट दिसत होत्या, दूध देत होत्या. संशय यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. जंतू त्यांच्या दुधातून येत होता. १९०६ मध्ये लष्कराने ते दूध बंद केलं आणि सैनिकांमधले रुग्ण झपाट्याने घटले. जंतू हातात असताना शेळीपर्यंत पोचायला अठरा वर्षं गेली.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाभडणाऱ्या गायींतून एक जंतू काढला होता. पशुवैद्यांच्या पुस्तकात त्याला एक नाव, डॉक्टरांच्या पुस्तकात मॉल्टाच्या जंतूला दुसरं नाव. दोन्ही जंतू सख्खे भाऊ आहेत, हे वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं कुणाचं कामच नव्हतं. अमेरिकेच्या कृषी विभागात दुधातल्या जंतूंवर काम करणाऱ्या ॲलिस इव्हान्स यांनी ते शेजारी ठेवले आणि १९१८ मध्ये लिहिलं. कित्येक वर्षं ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आज दोघांचं कुलनाव एक आहे, ब्रुसेला.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. मलेशियातली निपा विषाणूची साथ अगदी अलीकडची आहे, आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या साथीत प्रत्येक खूण डोळ्यांसमोर होती.

सप्टेंबर १९९८ पासून इपोह शहराच्या आसपास डुकरं पाळणाऱ्यांना मेंदूज्वर होऊ लागला. निदान झालं जपानी मेंदूज्वराचं. ते अगदीच निराधार नव्हतं. तो आजार त्या भागात होता, डुकरांशी आणि डासांशी त्याचा संबंध होता, काही रुग्णांच्या तपासणीत तशा खुणाही मिळाल्या होत्या. मग त्या निदानाला शोभेल असं सगळं झालं. धुराची फवारणी झाली, लसीकरण झालं. रुग्ण वाढतच राहिले.

आता खुणा बघा. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो; इथे आजारी पडत होते ते कामावरचे मोठे पुरुष. डासांनी पसरणारा आजार घरातल्या कुणालाही गाठतो. इथे डुकरांना हात लावणारेच आजारी होते. लस घेतलेल्यांनाही तो होत होता. आणि पशुवैद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी खूण अशी, की जपानी मेंदूज्वराचा विषाणू अंगात असलेलं मोठं डुक्कर सहसा आजारी दिसत नाही, माद्या गाभडतात तेवढंच. इथली डुकरं मात्र खोकत होती, आणि तो खोकला भुंकल्यासारखा, लांबवर ऐकू जाणारा होता. कुत्रीही आजारी पडत होती. गोठ्यात पाऊल टाकणाऱ्याला हे ऐकू येत होतं. तो आवाज रुग्णाच्या केसपेपरवर येण्याची सोय नव्हती.

दरम्यान आजारी डुकरं विकली गेली, दुसऱ्या राज्यात पोचली. मार्च १९९९ मध्ये चुआ काव बिंग या विषाणुतज्ज्ञाने सुंगाई निपा गावच्या एका रुग्णाच्या नमुन्यातून नवाच विषाणू वेगळा काढला. तोवर बराच उशीर झाला होता. मलेशियात २६५ जणांना मेंदूज्वर झाला, १०५ दगावले. सिंगापूरच्या कत्तलखान्यातले कामगारही आजारी पडले. दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली.

आणि तिसरा दुवा? तो गोठ्यांच्या डोक्यावर होता. फळझाडं डुकरांच्या खुराड्यांना लागून लावलेली, त्यांवर फळं खाणारी मोठी वटवाघळं येत. अर्धवट खाल्लेलं, लाळ लागलेलं फळ खाली पडलं की डुक्कर ते खाई. हे उमगल्यावर उपाय साधा होता: झाडं आणि गोठे यांच्यात अंतर ठेवायचं. त्यासाठी नव्या लशीची वाट पाहायची नव्हती. पण तिथपर्यंत पोचायला डॉक्टर, पशुवैद्य आणि वटवाघळांचा अभ्यास करणारे अशा तिघांची माहिती जुळावी लागली, आणि ती जुळली साथीनंतर.

हाच विषाणू बांगलादेशात २००१ पासून माणसांत येतो आहे, आणि तिथे मध्ये डुक्कर नाहीच. खजुरीच्या झाडाला चीर देऊन रात्रभर गोळा केलेला रस वटवाघळं चाटतात, पहाटे तो कच्चा प्यायला जातो. संशोधकांनी रात्री अंधारात टिपणारे कॅमेरे झाडांवर लावून हे पाहिलं. चिरेवर बांबूची जाळी बांधली की वटवाघूळ रसापर्यंत पोचत नाही, हेही त्यांनी दाखवलं. विषाणू तोच असून वाट पूर्णपणे वेगळी. विषाणूच्या जनुकांचा कितीही बारकाईने अभ्यास केला असता, तरी ही वाट प्रयोगशाळेत दिसली नसती. ती झाडाखाली रात्र काढल्यावर दिसली.

न्यूयॉर्कमध्ये १९९९ च्या उन्हाळ्यात कावळे मरून पडत होते. ऑगस्टमध्ये माणसांना मेंदूज्वर होऊ लागला, आणि निदान झालं सेंट लुईस मेंदूज्वराचं. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ट्रेसी मॅक्नमारा या पशुविकृतितज्ज्ञ, म्हणजे मेलेले प्राणी तपासून रोग ओळखणाऱ्या, होत्या. त्यांच्याकडे फ्लेमिंगो आणि इतर पक्षी मरत होते. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांत असतो, पण सहसा पक्ष्यांना मारत नाही. बरं, दुसरा एक मेंदूज्वर आहे, घोड्यांचा, तो पक्ष्यांना मारतो; त्यात इमू हमखास मरतात. मॅक्नमारांचे इमू ठणठणीत होते. म्हणजे दोन्ही नाहीत, तिसरंच काहीतरी आहे. हा तर्क मला आजही थक्क करतो. त्याला ना महागडं यंत्र लागलं, ना नवं तंत्र, फक्त पक्ष्यांची आणि माणसांची साथ एकत्र बघणारं डोकं लागलं. पण माणसांच्या आजाराचा तपास करणाऱ्या यंत्रणेला प्राणिसंग्रहालयातून आलेला फोन आपल्या कामाचा वाटला नाही. मॅक्नमारांना नमुने दुसरीकडे, पशुरोगांच्या आणि लष्कराच्या प्रयोगशाळांकडे पाठवावे लागले. सप्टेंबर सरता सरता उत्तर मिळालं: वेस्ट नाइल विषाणू, जो त्या खंडात आधी कधी दिसलाच नव्हता.

त्या फोनची नोंद करायला पलीकडे रकाना नव्हता, असं मी म्हणेन.

नेदरलँड्समध्ये शेळ्यांच्या गोठ्यांत क्यू तापामुळे, म्हणजे जनावरांकडून माणसांत येणाऱ्या एका जंतूच्या आजारामुळे, गर्भपात होऊ लागले ते २००५ मध्ये. माणसांत साथ आली २००७ मध्ये. २०१० पर्यंत चार हजारांवर रुग्णांची नोंद झाली, पन्नास हजारांहून जास्त शेळ्या मारल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक गाभण. या साथीत बराच काळ एका गोष्टीवर घोडं अडलं होतं: कोणता गोठा बाधित आहे, हे पशुविभागाला माहीत होतं आणि ती माहिती गोठामालकाच्या खाजगीपणासाठी जपली जात होती. हा जंतू वाऱ्यावर धुळीतून पसरतो. गोठ्याचा पत्ता नसेल, तर त्या दिशेच्या वस्तीत निमोनियाचे रुग्ण का वाढले, हे तिथल्या डॉक्टरला कळायचं कसं?

खाजगीपणाचा प्रश्न खोटा नाही, आणि मी गोठामालकांच्या बाजूने विचार करणारी आहे. नाव बाहेर फुटलं की दूध विकलं जात नाही, सोयरे-शेजारी वळून बघत नाहीत, आणि निकाल वाईट आला तर अख्खा कळप जातो. म्हणूनच लोक आजार लपवतात. ज्या योजनेत खबर देणाऱ्याला भरपाईची खात्री नाही, त्या योजनेला खबर मिळणार नाही, हे मी पुष्कळ गोठ्यांत अनुभवलं आहे. पण गोठ्याचा पत्ता जाहीर करणं वेगळं आणि तो त्या भागातल्या साथरोगतज्ज्ञाला पहिल्या दिवशी कळवणं वेगळं. पहिलं टाळता येईल, टाळावंही. दुसरं टाळायला मला एकही कारण दिसत नाही. रुग्णाची माहिती डॉक्टर गुप्त ठेवतात तशीच गोठ्याचीही ठेवता येते.

आता परिसराबद्दल. तिघांत सगळ्यात उपेक्षित हाच. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना या तिघी २०१० पासून या विषयावर एकत्र काम करत होत्या. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम त्यांत औपचारिकपणे आला तो २०२२ मध्ये. वर जे, तेच खाली. प्रस्तावात 'पर्यावरण' हा परिच्छेद असतो, अंदाजपत्रकात त्याच्यासमोर फार तर पाण्याच्या काही बाटल्यांचा खर्च.

परिसर नीट पाहिला तर काय हाती लागतं, हे ऑस्ट्रेलियातल्या हेंड्रा विषाणूच्या अभ्यासात दिसतं. १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरात शर्यतीचे घोडे आणि त्यांचा प्रशिक्षक या विषाणूने दगावले. विषाणू वटवाघळांकडून घोड्यांत आणि घोड्यांकडून माणसांत येतो, हे पुढे कळलं. पण काही वर्षी खूप घोडे आजारी पडायचे, काही वर्षी एकही नाही. असं का? २५ वर्षांच्या नोंदी एकत्र करून संशोधकांनी २०२२ मध्ये त्याचं उत्तर दिलं. ही वटवाघळं मुळात फुलांतला मध शोधत दूरवर भटकणारी. हिवाळ्यात फुलणारी जंगलं तोडली गेली, अन्नाचा तुटवडा पडू लागला, तशी ती छोट्या टोळ्या करून वस्त्यांजवळ, घोड्यांच्या कुरणांजवळ कायमची राहू लागली. तिथल्या निकृष्ट अन्नावर जगणारी, उपाशी वटवाघळं विषाणू जास्त सोडतात. आणि ज्या हिवाळ्यात उरलंसुरलं जंगल भरभरून फुललं, त्या हिवाळ्यात वटवाघळं तिकडे निघून गेली आणि घोड्यांत आजार आला नाही. म्हणजे घोड्याचा आणि माणसाचा धोका झाडाच्या बहरावर ठरत होता. फुलांचा बहर नोंदणारा माणूस या संशोधनात नसता, तर हे कधीच कळलं नसतं.

डासांमार्फत जनावरांत पसरणाऱ्या आणि माणसांतही येणाऱ्या पूर्व आफ्रिकेतल्या रिफ्ट व्हॅली तापाबद्दलही असंच. समुद्राचं तापमान आणि उपग्रहाने टिपलेली हिरवाई पाहून २००६ मध्ये साथीचा इशारा काही आठवडे आधी दिला गेला, आणि डिसेंबरात साथ आली. इशारा बरोबर ठरला. पण मिळालेले ते आठवडे जनावरांच्या लसीकरणासाठी पुरेसे वापरले गेले नाहीत. हवामान पाहणाऱ्याकडून लस टोचणाऱ्याकडे माहिती जायला वेळ लागला.

तुमच्यातले काही जण म्हणतील की तीन स्वतंत्र अभ्यास होऊ द्या, मग माहिती जोडता येईल. याचं उत्तर मला कामातून आलेल्या अनुभवातून द्यायचं आहे, कारण हीच समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. नंतर जोडता येत नाही. वटवाघळं विषाणू बारमाही सारखा सोडत नाहीत, त्याचे हंगाम असतात. त्यांच्या लघवीचे नमुने एका हंगामात आणि तापाचे रुग्ण दुसऱ्या हंगामात घेतले, तर दोन्ही नमुने उत्तम असूनही त्यांच्यातला दुवा दिसणार नाही. रक्तातली प्रतिपिंडं कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच सांगतात. तो गेल्या महिन्यातला की तीन वर्षांपूर्वीचा, हे एका नमुन्यावरून बहुधा ठरवता येत नाही. शेळीकडून जंतूच वेगळा काढून ठेवला असेल आणि माणसाची फक्त रक्तचाचणी झाली असेल, तर दोन्ही जंतू एकाच घराण्यातले आहेत का, हे ताडून पाहायला एक बाजूच नसते. दोन प्रयोगशाळा वेगळ्या पद्धतीने जनुकीय ओळख पटवत असतील, तर दोन्ही निकाल समोर असून तुलना होत नाही. आणि गावाचं नाव तीन नोंदवह्यांत तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं, हे तर तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मी त्यात आयुष्यातले कित्येक आठवडे घालवले आहेत.

एकत्र काम करणं खर्चिक असतं, अशीही शंका येते. चाडमध्ये भटक्या पशुपालकांबरोबर काम करणाऱ्या डॉक्टर-पशुवैद्यांच्या पथकाला आढळलं, की गुरांचं लसीकरण व्यवस्थित होतं आहे आणि पूर्ण लसीकरण झालेलं मूल मात्र एकही सापडत नाही. गुरांची लस घेऊन जाणारी गाडी तिथे जातच होती, शीतपेटी होती, लोक जमलेले होते. मग त्याच फेरीत मुलांचं आणि बायकांचं लसीकरण सुरू झालं. गाडीचा आणि शीतपेटीचा खर्च दोघांत वाटला गेला. जिथे डॉक्टर पोचत नव्हता तिथे गुरांच्या डॉक्टरच्या गाडीत बसून पोचला. हे उदाहरण मी दर वेळी सांगते आणि दर वेळी माझा ऊर भरून येतो.

डेन्मार्कने १९९५ मध्ये 'डॅनमॅप' नावाची व्यवस्था सुरू केली. प्रतिजैविकं किती वापरली आणि जंतू त्यांना किती दाद देईनासे झाले, याची जनावरं, अन्न आणि माणसं अशी तिन्हींची माहिती तिथे दरवर्षी एकाच अहवालात येते. कोंबड्या-डुकरांना वाढीसाठी दिलेल्या औषधाचा परिणाम माणसांच्या रुग्णालयापर्यंत येतो का, यावर तिथे आकड्यांनिशी बोलता येतं, कारण आकडे एकाच कागदावर आहेत.

एडिनबर्गच्या संशोधकांनी २००१ मध्ये माणसाला रोग देणाऱ्या १,४१५ जंतूंची यादी केली होती. त्यातले ८६८ जनावरांतूनही येणारे होते. नव्याने डोकं वर काढणाऱ्या १७५ पैकी १३२. तुम्ही हे आकडे टक्केवारीत पुष्कळदा ऐकले असतील. मला त्यांचा अर्थ एवढाच वाटतो, की पुढचा नवा आजार पहिल्यांदा दिसेल तो बहुधा कुठल्यातरी गोठ्यात, खुराड्यात किंवा जंगलाच्या कडेला. आणि तो पहिल्यांदा पाहील ती कुणीतरी राबणारी बाई किंवा पशुवैद्याच्या हाताखालचा सहायक. त्यांच्या हातात आज कोणतं पत्रक आहे?

म्हणून पुढच्या वेळी प्रस्ताव मागवाल तेव्हा काही गोष्टी अटी म्हणूनच लिहा. नमुने घेण्याचं वेळापत्रक तिन्ही बाजूंचं एकच असावं, विणीच्या हंगामाप्रमाणे, पावसाप्रमाणे, आणि तापाच्या रुग्णांप्रमाणे मिळून ठरवलेलं. घराला, कळपाला आणि पाणवठ्याला एकच क्रमांक असावा. नीतिसमितीची मान्यता माणसांसाठी आणि जनावरांसाठी एकाच अर्जात मिळण्याची सोय करा. आज एक मान्यता आली की दुसरीची मुदत संपायला आलेली असते. पथकात माणसाचं रक्त घेऊ शकणारी परिचारिका पहिल्या दिवसापासून असू द्या. परिसराच्या तज्ज्ञाला सल्लागार म्हणून शेवटी बोलावू नका, त्याला आखणीत बसवा आणि त्याच्या कामाला वेगळे पैसे द्या. जनावराचा निकाल बाधित आला की त्या घरच्या माणसांची तपासणी किती दिवसांत होणार, हे लिहून घ्या, आणि उलटही. नमुने गोळा करणाऱ्यांची नावं शोधनिबंधात यावीत, हेही सांगायला हवं, कारण ज्याचं नाव येत नाही त्याला पुढच्या वेळी कुणी विचारत नाही, आणि त्याने पाहिलेलं त्याच्यापाशीच राहतं.

त्या बाईला पुढे योग्य औषधं मिळाली. सहा आठवडे रोज दोन औषधं, पुढे मणक्यासाठी आणखी काही महिने. ताप गेला. पाठ पहिल्यासारखी झाली नाही. शेळ्या आता दुसरीच कुणीतरी धरते.

आम्ही वापरतो त्या पत्रकाची एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे. तिच्या मागच्या बाजूला मी पट्टी घेऊन, पेनाने दोन रकाने आखले आहेत: 'या कळपात काम करणाऱ्या माणसांपैकी कुणाला गेल्या तीन महिन्यांत ताप?' आणि 'गाभडलेलं पिल्लू व वार कुठे टाकली, जवळ पाणी आहे का?' गेली काही वर्षं मी दर पत्रकावर हे हाताने आखते आहे. ते छापून मिळावेत.

आपली,
कळपांच्या आजारांवर काम करणारी एक पशुवैद्य